मूत्रपिंडविकार आणि गव्हाची पोळी

निफाडच्या कृषी संशोधन केंद्रातून आलेल्या गव्हाच्या वाणांना त्र्यंबक, तपोवन, गोदावरी अशी नावे आहेत. नाशिक जिल्ह्याच्या शेतात आणि ताटात गव्हाचे स्थान काय आहे, हे त्यावरून ध्यानात यावे. साहजिकच मूत्रपिंडविकाराचे निदान झाले की ‘आता पोळी बंद करायची का?’ असा प्रश्न रुग्णाच्या घरी उपस्थित होतो. त्याचे उत्तर असे, की पोळी वर्ज्य नाही. मात्र ती मोजून खावी आणि तिचे माप रक्ततपासणीनुसार ठरावे.

निरोगी मूत्रपिंडे प्रथिनांपासून निर्माण होणारा युरिया, तसेच जादा पोटॅशियम व फॉस्फरस लघवीवाटे बाहेर टाकतात. ही क्षमता घटली की हे घटक रक्तात साठू लागतात. पोटॅशियम फार वाढल्यास हृदयाची लय बिघडून जिवावर बेतू शकते. फॉस्फरस दीर्घकाळ वाढलेला राहिल्यास हाडे दुबळी होतात व रक्तवाहिन्या कठीण बनतात.

100 ग्रॅम कणकेत सुमारे 10 ते 11 ग्रॅम प्रथिने, तसेच फॉस्फरस व पोटॅशियम प्रत्येकी सुमारे 300 मिलिग्रॅम असतात. 30 ग्रॅम कणकेच्या एका पोळीतून साधारण 3 ग्रॅम प्रथिने मिळतात. डायलिसिस सुरू न झालेल्या 50 किलो वजनाच्या रुग्णास दिवसाला बहुधा 30 ते 40 ग्रॅम प्रथिने सुचविली जातात. सहा पोळ्यांतच त्यांपैकी निम्मी संपतात; वरण, दूध, दही यांना मग थोडीच जागा उरते. पांढऱ्या तांदळात प्रथिने गव्हाहून कमी, तर फॉस्फरस व पोटॅशियम सुमारे एक तृतीयांश असते. म्हणून एखाद्या पोळीऐवजी भात सुचविला जातो.

पोळी सोडून भाकरी घेतली म्हणजे पथ्य साधले, हा समज बरोबर नाही. ज्वारी व बाजरीत हे घटक गव्हाइतकेच आढळतात आणि एका भाकरीला पीठही अधिक लागते. मैद्यात फॉस्फरस कमी असले, तरी तंतूही कमी असतात व रक्तातील साखर लवकर वाढते. पुष्कळ रुग्णांच्या मूत्रपिंडविकाराचे मूळ मधुमेहातच असल्याने हे विसरून चालणार नाही. शिवाय कोंड्यातील फॉस्फरस मुख्यत्वे फायटेटच्या रूपात असते व त्याचा बराच भाग शरीरात शोषला जात नाही. याउलट तयार खाद्यपदार्थांत मिसळलेली फॉस्फेटे जवळजवळ पूर्णपणे शोषली जातात. पाव, बिस्किटे, खारी यांतील मीठही जमेस धरावे. घरच्या कणकेत मीठ न घालणे, हा सर्वांत सोपा उपाय होय.

ऐकीव माहितीवरून पोळी, भात, डाळ सारेच बंद करणे अधिक घातक ठरते. पुरेसे उष्मांक न मिळाल्यास शरीर स्वतःचे स्नायू झिजवते. रुग्ण अशक्त होतो आणि जंतुसंसर्गास बळी पडतो. डायलिसिस सुरू झाल्यावर तर प्रथिनांची गरज वाढते : दर किलो वजनामागे दिवसाला 1 ते 1.2 ग्रॅम. पूर्वीचे पथ्य तसेच चालू ठेवल्यास उपचारांचा लाभ कमी होतो.

म्हणूनच रुग्णाच्या नातेवाइकांनी प्रत्येक तपासणीच्या वेळी रक्ताचा अहवाल आणि घरच्या एका दिवसाच्या जेवणाची नोंद सोबत आणावी व आहारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. देणगीतून मिळणारे डायलिसिस यंत्र रुग्णाचे प्राण राखते. त्याचे बळ मात्र घरच्या ताटातूनच टिकते. यंत्राइतकेच या मार्गदर्शनालाही दात्यांचे पाठबळ लाभावे.