आजीचा धम्म आणि आमचे हक्कसोडपत्र

अशोक विजयादशमी जवळ आली की आम्हाला आजी आठवते. दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या गर्दीत पांढरे लुगडे नेसलेली, हाताशी नातवंड धरलेली कोणतीही म्हातारी दिसली की पाय थबकतात. आमची आजी कालकथित झाली २०१७ साली. ती काही पुढारी नव्हती. कोणत्याही मंचावर तिने कधी भाषण केले नाही. परंतु वीस वर्षांच्या वकिलीत कायद्याचा जो धडा आम्ही विसरू शकलो नाही, तो तिने दिला. चळवळीतल्या वाचकांपुढे तो मांडलाच पाहिजे, कारण त्यात आमची चूक आहे आणि ती चूक आमच्या एकट्याची नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी आजी अठरा-एकोणीस वर्षांची होती, नवीनच लग्न झालेले. उमरेड तालुक्यातल्या खेड्यातून आजोबा, आजी आणि वाड्यातली माणसे नागपूरला निघाली. काही वाट बैलबंडीने, बरीचशी पायी. फडक्यात ज्वारीच्या भाकरी आणि सुकी चटणी. आजीजवळ पांढरे लुगडे नव्हते. शेजारणीचे मागून आणले, ते तिला आखूड पडले, हे ती हसून सांगायची. महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि मग लाखोंच्या समुदायाला स्वतः बावीस प्रतिज्ञा दिल्या. आजीला सगळे शब्द ऐकू आले नव्हते. ‘पुढचे लोक म्हणत, ते मागचे म्हणत, तसं मीबी म्हटलं,’ असे ती सांगे. पण जे म्हटले ते पाळायचे, एवढे तिला पक्के समजले होते.

गावी परतल्यावर देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले. काही दिवसांनी आजीला पिठाच्या मडक्यात एक टाक सापडला. सासूने लपवून ठेवलेला! आजीने तो परत मडक्यात ठेवला आणि कुणाला सांगितले नाही. आम्ही कॉलेजात असताना मोठ्या तावाने विचारले, ‘आजी, तू तो फेकला का नाही?’ ती म्हणाली, ‘म्हातारीच्या हातातून हिसकला असता बाबू, मनातून कसा हिसकला असता?’ सासू गेली तेव्हा मडके रिकामे होते. तिने तो टाक केव्हा आणि कुठे सोडला, हे शेवटपर्यंत कळले नाही. आमचे कार्यकर्तेपण त्या वयात फार कडक होते. प्रज्ञेसोबत करुणाही लागते, हे आम्हाला तेव्हा उमगले नाही.

पुढे आजोबांना नागपुरात एम्प्रेस मिलमध्ये काम लागले आणि उत्तर नागपुरातल्या वस्तीत संसार सुरू झाला. दोन मुलगे, दोन मुली. मिलच्या पगारात पोट भरत होते, घर बांधले जात नव्हते. म्हणून आजी विड्या वळायची. तेंदूची पाने भिजवायची, कापायची, मांडीवर सूप घेऊन दिवसाला हजार विडी. कारखान्याचा माणूस त्यातल्या बऱ्याच छाटून फेकायचा आणि फेकलेल्याचे पैसे कापायचा. त्या पैशांतून आधी मातीच्या भिंती झाल्या, मग विटांच्या, मग वर स्लॅब पडला. आमचे वडील शिकले, काका शिकले, दोन्ही आत्या मॅट्रिक झाल्या. पौर्णिमेला मात्र विडीचे सूप बंद! आंघोळ करून पांढरे लुगडे नेसायची, विहारात वंदना, उपोसथ. वर्षावासाच्या तीन महिन्यांत ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा ग्रंथ आम्ही नातवंडांनी तिला वाचून दाखवायचा, हा नेम. वाचताना ओळ गाळली तर ती ओळखायची. तिला वाचता येत नव्हते, पण ग्रंथ पाठ होत आला होता. साठीच्या आसपास ती सही शिकली, आणि त्या दिवसापासून तिने अंगठा कधी लावला नाही.

आता मुख्य गोष्ट. आजोबा २००६ साली गेले. त्यांनी मृत्युपत्र केले नव्हते. घराच्या आखीव पत्रिकेवर नाव आजोबांचे एकट्याचे. आजीच्या विडीच्या पैशाची नोंद करणारा रकाना कोणत्याही सरकारी कागदावर नसतो. आम्हाला सनद मिळून वर्षही झाले नव्हते. घरात ठरले की दोन्ही आत्यांनी आणि आजीने हक्क सोडावा आणि घर वडिलांच्या व काकांच्या नावे करावे. सगळ्यांकडे असेच होते. आत्यांनीही मान हलवली. ‘माहेर तुटायला नको,’ एवढेच त्या म्हणाल्या. मसुदा कोणी करायचा? घरातच वकील आहे! आमच्या हातचा तो पहिला दस्त. मोठ्या हौसेने टंकून आणला.

आजी म्हणाली, ‘बाबू, हे काय लिवलं हाय, मले वाचून दाखव.’

आम्ही वाचले. ‘राजीखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय, कायमचा हक्क सोडत आहोत.’ आजीने पूर्ण ऐकून घेतले. मग विचारले, ‘दीक्षाभूमीवर मी तुह्या आजासंगं उभी होती. बाबासाहेबांनी त्याले एक अन् मले दुसरी, अशी येगयेगळी दीक्षा देल्ली का? मंग घराचा हक्क कायले येगळा?’

घरात कोणी बोलेना. वडील चिडले. म्हणाले, आम्ही काय बहिणींना परके केले? आजीने पेन बाजूला ठेवले आणि आत्यांकडे वळून म्हणाली, ‘तुमीबी सही करू नका.’ तो दस्त दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कधी गेलाच नाही. वडील चार महिने आजीशी नीट बोलले नाहीत. आम्हीही मनातून नाराज होतो. आजीला व्यवहार कळत नाही, असे आम्हाला वाटत होते.

व्यवहार कुणाला कळत नव्हता? कायदा काय सांगतो ते पाहा. हिंदू उत्तराधिकार अधिनियम बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत विधवा, मुलगे आणि मुली यांना समान वाटा मिळतो. म्हणजे आमच्या घराचे पाच वाटे, प्रत्येकी एक पंचमांश. राहत्या घराची वाटणी मागण्यास मुलींना अडवणारे कलम २३ होते, तेही ९ सप्टेंबर २००५ पासून रद्द झाले होते. हे सारे आम्ही परीक्षेत लिहून उत्तीर्ण झालो होतो!

आणि हा कायदा आला कुठून? बाबासाहेबांनी कायदामंत्री म्हणून हिंदू कोड बिलासाठी जिवाचे रान केले. ते बिल रखडवले गेले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि त्याच्या कारणांत या बिलाची झालेली दुर्दशा स्पष्टपणे सांगितली. पुढे त्याच बिलाचे तुकडे करून चार कायदे झाले. त्यातला उत्तराधिकाराचा कायदा अमलात आला १७ जून १९५६ रोजी. धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ची. मध्ये चार महिनेसुद्धा नाहीत! एकाच वर्षी आमच्या आजीला धम्मही मिळाला आणि वारसाहक्कही. पहिला आम्ही डोक्यावर घेतला, दुसरा तिच्याकडून सोडवून घ्यायला निघालो.

तथागतांनी सिगालाला उपदेश करताना पतीची पत्नीविषयी पाच कर्तव्ये सांगितली, त्यात घरातील अधिकार तिच्या हाती सोपवणे हे एक आहे. हे सूत्र आपल्या विहारांतून नेहमी सांगितले जाते. नागपुरात २० जुलै १९४२ रोजी महिला परिषदेत बाबासाहेब हजारो भगिनींसमोर म्हणाले की समाजाची प्रगती ते स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. हे वाक्य तर आपल्या प्रत्येक मंचावर घुमते. ७ फेब्रुवारीला रमाईच्या त्यागावर आपण डोळे ओले करतो, आणि सोमवारी बहिणीला घेऊन निबंधक कार्यालयाच्या रांगेत उभे राहतो. बहीण ‘राजीखुशीने’ सही करते. तिने नाही म्हटले तर राखीची नव्हे, बारशा-लग्नाची पत्रिकासुद्धा यायची बंद होईल, हे तिला ठाऊक असते. ही राजीखुशी आहे की मनुस्मृतीचा उरलेला पगडा? १९२७ साली महाडला जी जाळली, ती आपल्या कपाटातल्या फाइलीत सुखरूप आहे काय?

आमच्या घरच्या आखीव पत्रिकेवर शेवटी पाच नावे लागली. सहा वर्षांनी, २०१२ साली, धाकट्या आत्याचे यजमान गेले आणि सासरी तिचे राहणे कठीण झाले. ती एक पेटी घेऊन आली. मागची खोली तिला दिली असे आम्ही म्हणू लागलो, तेव्हा आजीने दुरुस्त केले, ‘देल्ली नाही. तिचीच हाय.’ त्या ‘दिली’ आणि ‘तिचीच’ यांतला फरक म्हणजेच समता. आज आत्या त्या घरात मान वर करून राहते. आणि माहेर? ते तुटले नाही. वडिलांच्या शेवटच्या आजारात उशाशी तीच बसत होती.

आजीने सांगून ठेवले होते, तेरवी नको, गोडाचे जेवण नको. त्रिशरण, पंचशील, परित्राणपाठ झाला आणि खर्चाचे पैसे विहाराच्या ग्रंथालयाला दिले. तिच्या पेटीत पांढरी दोन लुगडी, ग्रंथ आणि सही गिरवलेली वही निघाली. तिचा वाटा चारही भावंडांच्या नावे समान लागला. तो फेरफाराचा अर्ज आम्हीच लिहिला. या वेळी पेन अडखळला नाही.

आज आमच्याकडे हक्कसोडपत्र करायला कोणी भाऊ आला, तर आम्ही बहिणीला वेगळे बसवून तिचा वाटा किती, हे आधी समजावून सांगतो. त्यानंतरही तिने स्वखुशीने सोडला तर तो तिचा अधिकार. काही पक्षकार उठून जातात. जाऊ द्या.

बंधूंनो, या विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाण्याआधी एक काम करा. आपल्या घराची आखीव पत्रिका, शेताचा सातबारा काढा आणि त्यावर आईचे, बहिणीचे नाव आहे काय ते पाहा. नसेल तर का नाही, हे स्वतःला विचारा. बावीस प्रतिज्ञांमध्ये सर्व माणसे समान आहेत असे मानण्याची आणि समता स्थापन करण्याचा प्रयत्न करण्याची प्रतिज्ञा आहे. ती घरापासून सुरू झाली, तर ज्या लाखो आज्या त्या दिवशी पायी चालत आल्या, त्यांचे चालणे सार्थकी लागेल.

जयभीम!