तंजावरच्या उष्ण-दमट हवेत ‘कोल्ड एअर इनटेक’ची निवड कशी करावी?

तंजावर : स्पोर्ट्स कारला कंपनीने दिलेली हवा घेण्याची व्यवस्था काढून तिच्या जागी बाजारातील ‘कोल्ड एअर इनटेक’ बसविण्याची अनेक हौशी वाहनधारकांची इच्छा असते. इंजिनाची शक्ती वाढेल आणि आवाजही दमदार होईल, अशी त्यामागील अपेक्षा असते. मात्र कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वसलेल्या तंजावरसारख्या शहरात ही निवड करताना उष्णता, पाणी, धूळ आणि कायदा या चारही बाबींचा विचार आवश्यक ठरतो.

या उपकरणामागील तत्त्व सोपे आहे. पेट्रोलच्या एका भागाचे पूर्ण ज्वलन होण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. थंड हवा अधिक घन असल्याने तेवढ्याच आकारमानात अधिक प्राणवायू सिलिंडरमध्ये जातो आणि त्या प्रमाणात अधिक इंधन जाळता येते. दोन लिटर क्षमतेचे इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या वेगाने फिरत असताना सेकंदाला जवळजवळ १०० लिटर हवा ओढते. ही हवा कोठून घेतली जाते, याला म्हणूनच महत्त्व आहे.

बाहेरचे तापमान ३५ अंश सेल्सिअस असताना बॉनेटखालील ६० अंशांची हवा इंजिनात गेली, तर तिची घनता सुमारे साडेसात टक्क्यांनी कमी भरते. केवळ आखूड नळी आणि उघडा फिल्टर असलेला, इंजिनाशेजारी बसणारा संच अशीच तप्त हवा ओढतो. रहदारीत गाडी थांबून राहिल्यास शक्ती वाढण्याऐवजी घटण्याची शक्यता असते. असा संच घ्यायचाच झाल्यास त्याला उष्णतारोधक बंदिस्त कप्पा आणि बाहेरून हवा आणणारा मार्ग असणे आवश्यक आहे.

तथापि, अनेक आधुनिक गाड्यांची मूळ व्यवस्थाही पुढील जाळीजवळूनच हवा घेते. त्यामुळे खरेदीपूर्वी गाडीच्या ओबीडी जोडणीला वाचक यंत्र लावून धावत्या गाडीत आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहावे. ते बाहेरच्या तापमानापेक्षा पाच अंशांनीच अधिक असेल, तर थंड हवेपासून मिळणारा लाभ दीड टक्क्याच्या आसपासच राहील. म्हणजे १०० अश्वशक्तीच्या इंजिनाला जेमतेम दीड अश्वशक्ती. टर्बोचार्जर असलेल्या गाड्यांत दाबलेली हवा इंटरकूलरमध्ये पुन्हा थंड केली जात असल्याने या तापमानातील फरकाचा परिणाम आणखी कमी होतो.

आर्द्रतेवर मात्र कोणत्याही इनटेकचा इलाज नाही. ३२ अंश तापमान आणि ७५ टक्के सापेक्ष आर्द्रता असताना हवेच्या आकारमानाचा सुमारे साडेतीन टक्के भाग पाण्याच्या वाफेने व्यापलेला असतो. प्राणवायूची ही घट नळी बदलून भरून येत नाही.

त्याहून गंभीर प्रश्न साचलेल्या पाण्याचा आहे. या भागात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस पडतो. लांब नळीच्या संचात फिल्टर बंपरच्या मागे किंवा चाकाजवळ, खाली बसविला जातो. हा फिल्टर पाण्यात बुडाल्यास पाणी थेट सिलिंडरमध्ये ओढले जाते. पाणी हवेसारखे दाबले जात नसल्याने पिस्टन अडकतो, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन निकामी होऊ शकते. त्यामुळे येथे फिल्टर उंचावर ठेवणारी रचनाच अधिक सुरक्षित होय.

भातकापणीच्या हंगामातील तूस आणि रस्त्यावरील धूळ हीदेखील दुर्लक्षिण्यासारखी बाब नाही. फिल्टर घेताना किती हवा जाते एवढेच न पाहता किती धूळ अडते, हेही विचारावे. आयएसओ ५०११ या मानकानुसार केलेल्या चाचणीचे निष्कर्ष उत्पादकाकडे मागावेत. तेल लावलेला सुती फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतो. परंतु तेल जास्त झाल्यास ते हवेचे वस्तुमान मोजणाऱ्या संवेदकावर बसून चुकीची नोंद होऊ शकते. संवेदकाजवळील नळीचा व्यास मूळ नळीपेक्षा वेगळा असल्यासही इंधनाचे प्रमाण बिघडते. म्हणून संच नेमका आपल्या मॉडेलसाठीच बनविलेला असावा.

कायद्याची बाजूही तपासणे हिताचे आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातील फेरबदलांवर निर्बंध आहेत. उत्पादकाने ठरविलेल्या मूळ वैशिष्ट्यांशी विसंगत फेरबदल करता येणार नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अनुज्ञेय नसलेल्या प्रत्येक फेरबदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. त्यामुळे संच बसविण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी या दोघांकडून लेखी खुलासा घ्यावा. हमीचा कालावधी संपलेला नसल्यास अधिकृत विक्रेत्यालाही विचारावे.

चेन्नईजवळील इरुंगाट्टुकोट्टई येथील शर्यतीच्या मार्गावर धावणाऱ्या गाडीसाठी एक-दोन अश्वशक्तीही मोलाची ठरू शकते. रोजच्या वापरातील गाडीबाबत मात्र मूळ पेटीतच बसणारा चांगल्या प्रतीचा फिल्टर, स्वच्छ नळ्या आणि घट्ट जोडण्या हा पर्याय आधी विचारात घ्यावा. त्यात खर्च कमी असतो आणि हवा घेण्याची जागाही कंपनीने ठरविलेल्या उंचीवरच राहते.