धुक्यातील महाबळेश्वर

श्रावण महिना होता. साताऱ्याच्या एका मुलाकडे सांगलीचा त्याचा मित्र चार दिवस राहावयास आला होता. कृष्णाकाठी वाढलेल्या त्या मित्राला कृष्णेचा उगम पाहावयाचा होता. सह्याद्रीचे कडे व दऱ्या पाहण्याचीही त्याला मोठी उत्कंठा होती. म्हणून एके दिवशी दोघेही मामांबरोबर महाबळेश्वरास गेले व तेथून आर्थर सीट या कड्यावर पोहोचले. आकाश निरभ्र असले म्हणजे येथून सावित्री नदीची खोल दरी दिसते. त्या दिवशी मात्र समोर पांढऱ्या पडद्यावाचून काहीच नव्हते. दहा पावलांवरचे झाडही ओळखू येईना.

“दरी आहे तरी कोठे?” असे म्हणत तो पाहुणा कठडा ओलांडू लागला. मामांनी त्याचा हात घट्ट धरला. इतक्यात वाऱ्याची झुळूक आली, पडदा क्षणभर फाटला, आणि कठड्यापलीकडे चार पावलांवर तुटलेला कडा दिसला. दुसऱ्याच क्षणी सारे पुन्हा नाहीसे झाले. मुलगा निमूटपणे मागे सरला.

थोड्या वेळाने त्याने विचारले, “मामा, आज ढग इतके खाली कसे आले?”

“ढग खाली आले नाहीत, आपणच ढगात आलो आहोत,” मामा म्हणाले.

मामांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारे वारे भरपूर बाष्प घेऊन येतात. वाटेत सह्याद्री आडवा आला की त्यांना वर चढावेच लागते. जसजसे वर जावे तसतसा हवेचा दाब कमी होतो. त्यामुळे वर चढणारी हवा प्रसरण पावते व थंड होते. सायकलच्या चाकातील हवा सोडली असता ती बोटाला गार लागते, तसाच हा प्रकार होय. हवा पुरेशी थंड झाली म्हणजे तिच्यातील काही बाष्पाचे पाणी होते. हवेत तरंगणाऱ्या धुळीच्या व मिठाच्या सूक्ष्म कणांभोवती त्याचे बिंदू बनतात. हे बिंदू इतके लहान असतात की, असे शंभर बिंदू एका ओळीत मांडले तरी ती ओळ जेमतेम एकदोन मिलिमीटर भरेल. खालून पाहणाऱ्यास तो ढग दिसतो. आत उभे असणाऱ्यास तेच धुके वाटते.

बिंदू सूक्ष्म असले तरी ते अगणित असतात. त्यांच्यावर पडणारा प्रकाश चहूकडे विखुरतो. सर्व रंगांचा प्रकाश जवळजवळ सारखाच विखुरल्यामुळे धुके पांढरे दिसते, आणि पलीकडील वस्तूंवरून येणारा प्रकाश आपल्या डोळ्यांपर्यंत नीट पोहोचत नाही. दिव्याचा प्रखर झोत सोडला, तर तोही बिंदूंवरून उलट डोळ्यांवर येतो. म्हणून घाटातील जाणते वाहनचालक अशा वेळी दिव्यांचा झोत खाली ठेवून सावकाश जातात. पायी हिंडणाऱ्यानेही कठडा व मळलेली वाट सोडू नये. धुक्यात दरी दिसत नाही, पण ती असते.

परतताना तिघे क्षेत्र महाबळेश्वरी थांबले. तेथील पंचगंगा मंदिरात दगडी गोमुखातून पाण्याची धार पडते. तेथेच कृष्णेचा उगम मानतात. “आजचा दिवस फुकट गेला,” पाहुणा खिन्नपणे म्हणाला.

मामांनी विचारले, “सांगलीस पाऊस येथल्या पावसाच्या सुमारे दशांशच पडतो. मग पावसाळ्यात तुमची कृष्णा दुथडी भरून कशी वाहते?”

मुलगा विचारात पडला. बाहेर झाडांच्या पानांवरून थेंब टपटपत होते आणि ओहळ उतारावरून धावत होते. ज्या ढगांनी त्याची दरी झाकली होती, तेच त्याच्या गावची नदी भरीत होते. त्याने गोमुखाखाली ओंजळ धरली आणि ते गार पाणी तोंडाला लावले.