पंचांची एक शिटी आणि मॅराडोनाचे अश्रू

८ जुलै १९९०. रोममध्ये पश्चिम जर्मनी आणि अर्जेंटिना यांच्यातील विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना संपायला जेमतेम पाच मिनिटे उरली होती. गोल एकही नव्हता. इतक्यात अर्जेंटिनाच्या गोलसमोर जर्मनीचा रुडी फोलर कोसळला आणि मेक्सिकोचे पंच एडगार्डो कोडेसाल यांनी शिटी वाजवली. पेनल्टी! अर्जेंटिनाचे खेळाडू चवताळून पंचांभोवती जमले, पण व्यर्थ. ब्रेहमेने गोल केला, जर्मनी १-० ने जिंकली.

काही वेळापूर्वी अर्जेंटिनाचा काल्डेरोन असाच पडला होता, तेव्हा मात्र पंच गप्प राहिले होते. त्यात अर्जेंटिनाच्या दोघांना लाल कार्ड! कर्णधार मॅराडोना मैदानावरच ढसाढसा रडला.

पण त्याआधी चारच वर्षे, १९८६ मध्ये, याच मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने ढकललेला चेंडू पंचांनी गोल ठरवला होता. तेव्हा हळहळले ते इंग्रज.

२०१८ पासून विश्वचषकात व्हिडिओ पंच आले. शंकास्पद क्षण पुन्हा पाहता येतो. तरीही वाद मिटलेले नाहीत. कारण पंचांची चूक आपल्याला खुपते, ती आपल्या विरुद्ध जाते तेव्हाच!