नवऱ्याचं नाव न सांगण्याची मुभा

जनगणना दर 10 वर्षांनी होते, म्हणून तसं कायद्यात लिहिलं असेल असं वाटतं. पण 1948 च्या जनगणना कायद्यात मुदतच नाही. केंद्र सरकारला योग्य वाटेल तेव्हा अधिसूचना काढायची. विषय संघसूचीतला, त्यामुळे राज्यांनी फक्त माणसं पुरवायची. 2021 ची गणना लांबली, 2027 च्या गणनेची अधिसूचना जून 2025 मध्ये निघाली, आणि कायदा कुठेच मोडला नाही.

प्रगणकाला खरी उत्तरं देणं बंधनकारक आहे; नकार दिल्यास 1,000 रुपयांपर्यंत दंड. मात्र कलम 8 मध्ये एक गंमत आहे. रूढीनं ज्याचं नाव घ्यायचं नाही, त्याचं नाव, म्हणजे मुख्यतः नवऱ्याचं, सांगायची सक्ती बाईवर नाही. प्रगणकासमोर उखाणा घ्यायची वेळ कायद्यानेच टाळली म्हणायची! घरातल्या बायकांची नावं सांगण्याचीही सक्ती नाही.

सर्वांत भक्कम मला कलम 15 वाटतं. तुमची वैयक्तिक नोंद कुणाला पाहता येत नाही, आणि दिवाणी दाव्यात ती पुरावा म्हणूनही चालत नाही. फौजदारीतही नाही, अपवाद फक्त या कायद्याखाली गुन्हा ठरणाऱ्या कृत्याबद्दलच्या खटल्याचा.