विश्लेषण : समुद्रकिनारा सुरक्षित, रस्त्यापलीकडे धोका? जमैकाच्या माँटेगो बेमध्ये पर्यटकांना नेमकी भीती कशाची?

जमैकातील माँटेगो बे हे कॅरिबियनमधील सर्वात गजबजलेल्या पर्यटन शहरांपैकी एक. पांढरी वाळू, क्रूझ जहाजे आणि एकदा पैसे भरले की खाणे-पिणे-राहणे सगळे त्यातच, अशी रिसॉर्ट्स ही त्याची ओळख. पण याच शहराची दुसरी ओळख आहे ती खून, टोळीयुद्धे आणि आणीबाणीची. देशाला वर्षाला ४० लाखांहून अधिक पर्यटक भेट देतात आणि बहुसंख्य जण काहीही अनुचित न घडता घरी परततात. मग परदेशी सरकारे आपल्या नागरिकांना सावधगिरीचे इशारे का देतात? इथला धोका खरा किती आणि तो कोणाला आहे?

आकडे काय सांगतात?

माँटेगो बे हे सेंट जेम्स पॅरिशमध्ये येते. पॅरिश म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग. २०१७ मध्ये या एका पॅरिशमध्ये ३३५ खून झाले. २०११ च्या जनगणनेनुसार तिथली लोकसंख्या सुमारे १ लाख ८४ हजार. म्हणजे दर लाख लोकांमागे साधारण १८० खून. तुलनेसाठी, एनसीआरबीच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात हे प्रमाण लाखामागे २.१ होते.

त्यामुळे १८ जानेवारी २०१८ रोजी पंतप्रधान अँड्र्यू होलनेस यांनी सेंट जेम्समध्ये आणीबाणी जाहीर केली. रस्त्यावर लष्कर उतरले, नाकेबंदी झाली. हॉटेले मात्र सुरूच होती. ब्रिटनने आपल्या पर्यटकांना रिसॉर्टच्या आवारातच राहण्याचा सल्ला दिला. त्या वर्षी पॅरिशमधील खुनांची संख्या सुमारे ७० टक्क्यांनी घटली.

हे खून होतात कुठे?

या प्रश्नाचे उत्तर शहराच्या नकाशात आहे. सँगस्टर आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या एका अंगाला समुद्र आहे, तर दुसऱ्या अंगाला फ्लँकर नावाची दाट वस्ती. किनाऱ्यालगत हॉटेलांची रांग, ‘हिप स्ट्रिप’ नावाने ओळखला जाणारा रस्ता, त्यावरची दुकाने, बार आणि प्रसिद्ध ‘डॉक्टर्स केव्ह’ बीच. २०१९ मध्ये या रस्त्याला गायक जिमी क्लिफ यांचे नाव देण्यात आले. याच्या वर, टेकड्यांच्या दिशेने नॉरवुड, साल्ट स्प्रिंग, ग्लेनडेव्हन, माउंट सेलम अशा वस्त्या पसरल्या आहेत. त्यातील अनेक घरे विनापरवाना जमिनीवर उभी राहिलेली.

बहुतेक खून या वस्त्यांमध्ये होतात आणि मरणारे बहुतांश तिथलेच तरुण पुरुष असतात. अमेरिकी सरकारने आपल्या दूतावासातील कर्मचाऱ्यांसाठी निषिद्ध भागांची यादी केली, तेव्हा तिच्यात हीच रेषा दिसली. ए-वन महामार्ग आणि क्वीन्स ड्राइव्ह या रस्त्यांची समुद्राकडील बाजू चालेल, डोंगराकडची नाही. एकाच रस्त्याच्या दोन कडा, पण सुरक्षेचा हिशेब वेगळा.

टोळ्यांना पैसा कुठून मिळतो?

आपल्याकडे ‘तुम्हाला लॉटरी लागली आहे, आधी प्रक्रिया शुल्क भरा’ असे फोन येतात. माँटेगो बे हे अशाच ‘लॉटरी स्कॅम’चे केंद्र बनले. इथले फोन जातात ते प्रामुख्याने अमेरिकेतील वृद्धांना. मोठे बक्षीस लागल्याचे सांगायचे, मग कर आणि शुल्काच्या नावाखाली पैसे मागवत राहायचे. कित्येक वृद्धांची आयुष्यभराची बचत यात गेली.

शहरात कॉल सेंटर उद्योग वाढला, तशी इंग्रजीत सफाईने बोलणारी तरुण मंडळी तयार झाली. संभाव्य बळींची नावे आणि फोन क्रमांक असलेल्या याद्या हा या धंद्याचा कच्चा माल. या याद्या चोरल्या जातात, विकल्या जातात आणि त्यांच्या मालकीवरून, पैशांच्या वाटणीवरून गोळ्या झाडल्या जातात. बंदुकाही मोठ्या प्रमाणात अमेरिकेतूनच चोरट्या मार्गाने येतात. २०१३ मध्ये जमैकाने या फसवणुकीसाठी स्वतंत्र कायदा केला, आरोपींना अमेरिकेच्या ताब्यातही दिले. तरीही हा धंदा पूर्ण बंद झालेला नाही.

थोडक्यात, पर्यटकाची पर्स हे या टोळ्यांचे मुख्य लक्ष्य नाही. रिसॉर्टवर हल्ला झाला तर पोलीस आणि लष्कर दोन्ही अंगावर येतील, हेही त्यांना माहीत आहे. पर्यटकांविरुद्धचे गुन्हे अत्यल्प आहेत, असे पर्यटनमंत्री एडमंड बार्टलेट सातत्याने सांगतात, त्यामागे हे वास्तव आहे.

मग पर्यटक पूर्ण सुरक्षित का नाहीत?

कारण रिसॉर्टची भिंत टोळ्यांना बाहेर ठेवते, पण सगळे धोके बाहेरचे नसतात. सप्टेंबर २०१८ मध्ये माँटेगो बेमधील एका रिसॉर्टमध्ये अमेरिकेहून आलेल्या दोन महिलांवर बंदुकीच्या धाकाने लैंगिक अत्याचार झाले. आरोपी त्याच रिसॉर्टचा कर्मचारी होता. त्यानंतर ‘डेट्रॉइट फ्री प्रेस’ या वृत्तपत्राने केलेल्या शोधातून समोर आले की, २०११ ते २०१७ या सात वर्षांत जमैकात ७८ अमेरिकी नागरिकांनी बलात्काराच्या तक्रारी अमेरिकी परराष्ट्र खात्याकडे नोंदवल्या होत्या. या बातम्यांनंतर जमैका सरकारने देशभरातील हॉटेलांच्या सुरक्षेचे ऑडिट जाहीर केले.

अमेरिकेच्या प्रवास सूचनांमध्येही हा मुद्दा स्पष्ट आहे. ‘ऑल-इन्क्लुझिव्ह’ रिसॉर्टमध्येही लैंगिक अत्याचार होतात, असे त्यात बजावले आहे. त्यामुळे प्रवेशद्वारावर पहारा आहे म्हणून खोलीच्या दाराची आतली कडी न लावणे किंवा आपला ग्लास टेबलावर सोडून पोहायला जाणे, ही सवय इथे महागात पडू शकते.

गांजाचा कायदा काय आहे?

हिप स्ट्रिपवर चालताना पर्यटकाच्या कानावर हमखास पडणारा शब्द म्हणजे ‘गांजा’. हा शब्द जमैकात पोहोचला तो भारतीय गिरमिटिया मजुरांबरोबर. त्यांचे पहिले जहाज १८४५ मध्ये जमैकाला लागले होते.

२०१५ च्या कायदा दुरुस्तीनुसार दोन औंस, म्हणजे साधारण ५६ ग्रॅमपर्यंत गांजा जवळ सापडल्यास अटक होत नाही, दंडाची पावती मिळते. पण याचा अर्थ सगळे मोकळे आहे असा नाही. परवान्याशिवाय विक्री बेकायदा आहे आणि देशाबाहेर थोडासा गांजा नेणे हाही गंभीर गुन्हा ठरतो. शिवाय विक्रेत्यामागे एखाद्या गल्लीत जाणे म्हणजे लुटले जाण्याची जोखीम स्वतःहून घेणे. ओळखीच्या नसलेल्या माणसाची बॅग किंवा पार्सल विमानतळावर सोबत नेणे तर पूर्णपणे टाळायला हवे.

पर्यटकांनी काय काळजी घ्यावी?

टॅक्सी : अधिकृत प्रवासी वाहनांची नंबरप्लेट लाल असते. ती पाहूनच बसावे. शक्यतो हॉटेलमार्फत गाडी मागवावी. भाडे आधी ठरवावे आणि ते कोणत्या डॉलरमध्ये हेही विचारावे. एका अमेरिकी डॉलरला साधारण १६० जमैकन डॉलर मिळतात, त्यामुळे नुसते ‘डॉलर’ म्हटल्याने नंतर वाद होतात.

रात्रीचा प्रवास : अमेरिकी दूतावासाच्या कर्मचाऱ्यांना शहराबाहेर रात्री गाडी चालवण्यास आणि सार्वजनिक बस वापरण्यास मनाई आहे. पर्यटकांनीही हाच नियम पाळणे शहाणपणाचे. जमैकात आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक असली, तरी डोंगराळ रस्ते अरुंद आणि अंधारे आहेत.

किनारा आणि बाजार : विक्रेते मागे लागतात, पण हसून ठाम ‘नो, थँक यू’ म्हटले की बहुतेक जण पुढे जातात. दागिने, पासपोर्ट आणि जास्तीची रोकड खोलीतील तिजोरीत ठेवावी. लूटमार झालीच, तर प्रतिकार करू नये.

आजारपण : रुग्णवाहिका येण्यास वेळ लागू शकतो आणि खासगी रुग्णालये उपचारांआधी पैसे भरायला सांगू शकतात. त्यामुळे रुग्णालयाचा खर्च आणि एअर अॅम्ब्युलन्स दोन्ही समाविष्ट असलेला प्रवास विमा हवा. पश्चिम जमैकातील मोठे सरकारी रुग्णालय, कॉर्नवॉल रीजनल, माउंट सेलममध्ये आहे.

मदत क्रमांक : पोलिसांसाठी ११९, रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलासाठी ११०. भारताचे उच्चायुक्तालय राजधानी किंग्स्टनमध्ये आहे. ते माँटेगो बेपासून रस्त्याने काही तासांच्या अंतरावर असल्याने त्याचा क्रमांक निघण्यापूर्वीच मोबाइलमध्ये साठवावा.

हा सल्ला केवळ सुटीवर जाणाऱ्यांसाठी नाही. गोवा आणि कोकणातले अनेक तरुण क्रूझ जहाजांवर काम करतात. त्यांची जहाजे माँटेगो बे, फाल्मथ, ओचो रिओस या बंदरांवर थांबतात. किनाऱ्यावर उतरायला त्यांना मोजकेच तास मिळतात. घाईत मिळेल ती स्वस्त गाडी पकडण्याचा मोह अशा वेळीच होतो.

परिस्थिती सुधारते आहे का?

आकडे तरी तसेच सांगतात. २०१७ मध्ये जमैकात १,६०० हून अधिक खून झाले होते. २०२४ मध्ये ही संख्या १,१५० च्या आत आली आणि २०२५ मध्ये ७०० च्याही खाली गेली, गेल्या तीन दशकांतील ही नीचांकी पातळी. अमेरिकेने जानेवारी २०२४ मध्ये जमैकाला ‘प्रवासाचा फेरविचार करा’ या तिसऱ्या पातळीवर ठेवले होते. मे २०२५ मध्ये हा इशारा दुसऱ्या, म्हणजे ‘अधिक खबरदारी घ्या’ या पातळीवर आणला गेला.

या सुधारणेची किंमतही आहे. आणीबाणीच्या काळात अनेकांना आरोपपत्राशिवाय महिनोन्‌महिने डांबले गेले. अशा पाच जणांना डांबणे घटनाबाह्य असल्याचा निकाल जमैकाच्या सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये दिला. त्यातच २८ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘मेलिसा’ चक्रीवादळ पश्चिम जमैकावर आदळले. घरे गेली, हॉटेले बंद पडली आणि पर्यटनावर पोट असलेल्यांचा रोजगारही थांबला.

सुरक्षिततेचा प्रश्न खरा कोणाचा?

रिसॉर्टमध्ये खोल्या आवरणाऱ्या, जेवण वाढणाऱ्या, बागा राखणाऱ्या अनेकांची घरे टेकडीवरच्या त्याच वस्त्यांमध्ये आहेत. देशातील किमान वेतन ४० तासांच्या आठवड्याला १६,००० जमैकन डॉलर, म्हणजे साधारण १०० अमेरिकी डॉलर आहे. समुद्राकाठच्या चांगल्या रिसॉर्टमध्ये एका रात्रीचे भाडे अनेकदा याहून जास्त असते. अशा वेळी एका फोन कॉलवर हजारो डॉलर मिळवून देणारा धंदा वस्तीतल्या तरुणाला का खुणावतो, हे कळायला कठीण नाही.

सप्टेंबर २०१७ मध्ये देशातील पहिले ‘विशेष कारवाई क्षेत्र’ माउंट सेलममध्येच जाहीर झाले. त्यामागची कल्पना होती की, आधी सुरक्षा दले टोळ्यांना हटवतील आणि पाठोपाठ वस्तीत रस्ते, पाणी, शिक्षण पोहोचेल. शहराचे भवितव्य या दुसऱ्या टप्प्यावर अधिक अवलंबून आहे.

थोडी सावधगिरी बाळगली, तर माँटेगो बेमध्ये पर्यटकाची सुटी सुखरूप पार पडण्याचीच शक्यता जास्त. आठवड्याने तो विमानात बसतो. त्याची खोली आवरणारी बाई मात्र पाळी संपली की क्वीन्स ड्राइव्ह ओलांडून डोंगराकडच्या बाजूला, आपल्या घरी जाते. तिच्यासाठी कोणतेही सरकार प्रवासाचा इशारा काढत नाही.