अंतिम समयी श्रद्धेचा मान

रुग्ण बरा होण्याची आशा मावळली म्हणजे रुग्णालयाचे कर्तव्य संपले, असे आम्ही मानत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली केलेल्या उपशामक सेवेच्या व्याख्येत वेदनाशमनाबरोबरच रुग्णाच्या आध्यात्मिक गरजांचाही समावेश आहे. ज्या रुग्णाचा धर्म कक्षातील बहुसंख्यांहून वेगळा असतो, त्याच्या या गरजा विचारल्यावाचून कळत नाहीत.

अंतिम क्षणी मुखात गंगाजल व तुळशीपत्र घालावे, अशी सद्भावना सेवकवर्गाच्या मनात सहज येते. परंतु १९५६ साली नागपूर येथे धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी जुने विधी त्यागलेले असतात. तेथे त्रिशरण-पंचशीलच हवे असते. मुस्लिम रुग्णास किब्ल्याकडे, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेस, तोंड करून निजवावे व आप्तांनी जवळ बसून कलमा म्हणावा, अशी रीत आहे. कॅथलिक रुग्णास पवित्र तेलाचा संस्कार शक्यतो शुद्धीवर असताना मिळावा, म्हणून धर्मगुरूंना वेळीच निरोप धाडावा लागतो. पारशी रुग्णाची सुद्रा-कस्ती विचारल्याशिवाय उतरवू नये.

अर्थात, धर्म एक असला तरी इच्छा एकच असते असे नाही. म्हणून प्रथम रुग्णास व तो बोलू शकत नसल्यास आप्तांस आम्ही दोन प्रश्न विचारतो: कोणास बोलवावे, आणि काय करू नये? उत्तर केसपेपरवर नोंदविले जाते. न मागता कोणीही धर्मोपदेश करीत नाही. प्राणवायू सुरू असताना उदबत्ती वा मेणबत्तीस मात्र अनुमती देता येत नाही. प्रार्थनेस कोणतीच आडकाठी नाही.

मृत्यूनंतर वेळेस महत्त्व येते. मुस्लिम व ज्यू परंपरेत दफनविधी शक्य तितक्या लवकर करावयाचा असतो. त्यामुळे मृत्यूच्या कारणाचा दाखला रात्रीही देण्याची व्यवस्था आम्ही ठेवतो. देयकासाठी पार्थिव अडवून ठेवीत नाही. पोलीस-प्रकरणात शवविच्छेदन टळत नसेल, तर तसे कुटुंबास आधीच सांगतो.

या सेवेस मोठी यंत्रसामग्री लागत नाही. रात्रपाळीस जाणते मनुष्यबळ लागते. देणगीदारांच्या साहाय्याचा एक भाग त्यासाठीच खर्ची पडतो. रुग्णांच्या कुटुंबीयांनीही आपली रीत संकोच न बाळगता कक्षातील परिचारिकांस वेळीच सांगावी, ही नम्र विनंती.